रमाबाईंनी दुष्काळाकडे परत जायचं का ठरवलं

ज्या दुष्काळात आईवडील आणि बहीण गमावली, तसल्याच दुष्काळाच्या मुलखात वीस वर्षांनी आपणहून परत जायचं, असं पंडिता रमाबाईंनी 1896-97 च्या हिवाळ्यात ठरवलं. हे प्रकरण त्या एका निर्णयाचं आहे. तो कोणत्या परिस्थितीत झाला, त्यामागे कसली श्रद्धा होती आणि पुढे ती श्रद्धा कितपत टिकली, एवढंच इथे पाहायचं आहे.

हे प्रकरण मी निवडलं त्याला कारण आहे. घरात एकामागून एक आघात होत असतात तेव्हा चर्चच्या मंडळीतली माणसं येतात, हात हातात घेतात आणि म्हणतात, "प्रभूवर भरवसा ठेवा, सगळं नीट होईल." मीही हे वाक्य अनेकांना म्हटलेलं आहे. ते मनापासून म्हटलं जातं, पण समोरच्याच्या पदरात नेमकं काय पडतं याचा विचार आपण फारसा करत नाही. रमाबाईंच्या आयुष्यात बऱ्याच गोष्टी नीट झाल्या नाहीत. गेलेलं माणूस परत आलं नाही, टीका थांबली नाही आणि शेवटी पोटची मुलगीही त्यांच्या आधी गेली. तरी त्यांच्याजवळ आशा होती. ती कशाची होती हे समजून घ्यायचं तर बरंच मागे जावं लागतं.

झेलमच्या काठचे खड्डे

रमाबाईंचा जन्म 23 एप्रिल 1858 चा, सह्याद्रीच्या रानातल्या गंगामूळचा. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे विद्वान. बायकोला संस्कृत शिकवलं म्हणून त्यांना लोकांचा रोष पत्करावा लागला आणि तरीही त्यांनी ते सोडलं नाही. पुढे घरदार सुटलं आणि सगळं कुटुंब तीर्थयात्रेला निघालं. ठिकठिकाणी देवळात किंवा घाटावर बसून पुराण सांगायचं आणि जे मिळेल त्यावर गुजराण करायची. रमाबाईंना भागवत आईनं शिकवलं, तेही असंच चालता चालता.

1874 ते 1877 या काळात मद्रास इलाख्यात आणि आसपास दुष्काळ पडला. जवळ होतं ते संपलं. मागून खायचं नाही आणि हलकी मजुरी करायची नाही, असा घराचा बाणा होता. होतं नव्हतं ते देवकार्यात आणि ब्राह्मणांना दान करण्यात गेलं, कारण शास्त्राप्रमाणे केलं की देव प्रसन्न होतो अशी खात्री होती. रमाबाईंनी हे सारं 1897 साली स्वतः लिहून छापलं. तांदळाचा शेवटचा दाणा संपला आणि मरायचंच तर रानात मरू म्हणून हे लोक रानात गेले. अकरा दिवस आणि अकरा रात्री पाणी, झाडाची पानं आणि मूठभर रानखजूर यांवर काढल्या. वडिलांनी जलसमाधी घ्यायचं मनाशी ठरवलं. तेव्हा भाऊ श्रीनिवास म्हणाला, मी मजुरी करतो. त्या एका वाक्यानं सगळे माघारी फिरले, पण वडिलांचं शरीर तोवर संपत आलं होतं. जाताना त्यांनी धाकट्या लेकीला जवळ घेऊन सांगितलं की तुला मी देवाच्या हाती दिलं आहे, तू त्याची आहेस आणि जन्मभर त्याचीच सेवा कर.

थोड्याच काळात आईही गेली, रायचूरला. आजारी आईसाठी रमाबाई शेजारच्या घरी भाकरी मागायला गेल्या. मागायची सवय नसल्यानं तोंडातून शब्द फुटेना. बाजरीच्या भाकरीचा तुकडा मिळाला, पण आईला तो खाववला नाही. प्रेताला खांदा द्यायला कसेबसे दोघं जण मिळाले, तिसरा भाऊ आणि चौथ्या रमाबाई. उंची कमी असल्यानं त्यांना खांद्यावर घेता येईना, म्हणून आईची तिरडी त्यांनी डोक्यावर घेतली. त्या वेळी त्या सोळा वर्षांच्या होत्या. मोठी बहीणही त्याच काळात गेली.

मग दोघं भावंडं देशभर पायी हिंडली. पंजाबात झेलमच्या काठी थंडी सोसवेना, तेव्हा वाळूत दोन खड्डे खणून ती दोघं त्यात आडवी झाली आणि डोकं तेवढं बाहेर ठेवून अंगावर वाळू ओढून घेतली. भुकेनं रानबोरं खायची तर आठळ्यांसकट गिळायची. रमाबाईंच्या लिखाणातला हा भाग मला प्रत्येक वेळी वाचताना थांबवतो. पुढे 'मुक्ती' ही निराधार मुली-बायकांची वस्ती उभी राहिली तिचा पाया मला या खड्ड्यांत दिसतो.

1878 साली ही दोघं कलकत्त्याला पोचली. तिथल्या विद्वानांनी 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या. केशवचंद्र सेनांनी वेदाची प्रत हातात ठेवली. नाव झालं, पण आतली श्रद्धा मात्र कोरडी पडत चालली होती. 1880 मध्ये भाऊ ढाक्याला वारला. त्याच वर्षी बिपिनबिहारी दास मेधावी या बंगाली वकिलाशी लग्न झालं. ते आंतरजातीय होतं, त्यामुळे दोन्हीकडून तुटणंच आलं. सिल्चरला घरातल्या पुस्तकांत लूकचं शुभवर्तमान बंगालीत सापडलं, तिथल्या एका बॅप्टिस्ट मिशनऱ्याकडून त्यांनी बायबलमधल्या काही गोष्टी समजून घेतल्या. 1881 मध्ये मुलगी झाली, मनोरमा. फेब्रुवारी 1882 मध्ये पतीला पटकी झाली आणि ते गेले. लग्नाला दोन वर्षंही झाली नव्हती. चोविशीच्या आत आई, वडील, बहीण, भाऊ, नवरा सगळे गेलेले. कडेवर दहा महिन्यांचं मूल.

विहिरीवरची बाई

इथून पुढचं साल आणि घटना बहुतेकांना माहीत असतात, म्हणून भराभर सांगतो. 1882 मध्ये पुणं आणि आर्य महिला समाज, शिक्षणाची चौकशी करणाऱ्या हंटर आयोगापुढची साक्ष, 1883 मध्ये इंग्लंड. वैद्यक शिकायचं म्हणून त्या गेल्या होत्या. वाँटेज इथल्या सेंट मेरी भगिनीसंघात राहिल्या. सोबत गेलेल्या आनंदीबाई भगत यांचा तिथेच मृत्यू झाला, तोही आत्मघातानं. थोड्याच दिवसांत, 29 सप्टेंबर 1883 रोजी, रमाबाईंनी आणि मनोरमेनं बाप्तिस्मा घेतला. त्या धक्क्यामुळेच त्या ख्रिस्ती झाल्या असं म्हणणं सोपं आहे, पण त्यांनी स्वतः जे कारण सांगितलं ते वेगळं आहे आणि मला तेच महत्त्वाचं वाटतं.

वाँटेजच्या भगिनींनी त्यांना लंडनच्या फुलॅम भागातल्या एका निवाऱ्यात नेलं. समाजानं 'वाया गेलेल्या' ठरवलेल्या बायका तिथे राहत होत्या आणि भगिनी त्यांच्याशी मायेनं वागत होत्या. अशा बायकांना कुणी जवळ घेतं हे रमाबाईंनी पहिल्यांदाच पाहिलं. तुम्ही यांच्यासाठी हे का करता, असं त्यांनी विचारलं. उत्तरादाखल त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातली शोमरोनी बाईची गोष्ट सांगण्यात आली.

ती गोष्ट आपल्याकडच्या माणसाला जितकी चटकन कळते तितकी युरोपातल्या माणसाला कळत असेल का, अशी मला शंका आहे. भर दुपारी एक बाई एकटी विहिरीवर येते. यहुदी आणि शोमरोनी यांच्यात पाण्याच्या भांड्याचाही व्यवहार नाही. तिचे पाच नवरे होऊन गेलेले, आता सोबत असलेला तिचा नवरा नाही. आणि येशू तिच्याकडे पाणी मागतो. ज्या देशात कोण कुणाच्या विहिरीवर चढलं यावरून डोकी फुटत, तिथून आलेल्या बाईनं हे ऐकलं. स्वतः ब्राह्मण असून जातीबाहेर लग्न केलेली, विधवा झालेली आणि 'अपशकुनी' ठरलेली ती बाई. देव आधी पाणी मागतो आणि मग पाणी देतो, शुद्ध होऊन ये असं म्हणत नाही. रमाबाईंनी लिहिलं आहे की स्त्रियांना खरोखर उचलून घेणारा कुणी असेल तर तो हाच, हे त्यांना तिथे पटलं.

वडिलांच्या धर्मात, निदान रमाबाईंना जसा तो दिसला तसा, सारं काही करण्यावर होतं. इतके जप, इतकं दान, इतकी तीर्थं, आणि मग फळ. दुष्काळानं तो हिशेब मोडला. अनंतशास्त्र्यांनी काही कमी केलं नव्हतं, तरीही भूक आली. शोमरोनी बाईच्या गोष्टीत हिशेबच नव्हता.

पण बाप्तिस्म्यानं सगळं झालं असं नाही. वाँटेजच्या भगिनी आणि चेल्टनहॅमच्या महाविद्यालयातल्या शिक्षिका यांच्याशी रमाबाईंचा पत्रांतून कडाक्याचा वाद झाला, त्रैक्याच्या, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव या सिद्धांतावर आणि आज्ञापालनावर. भारतातल्या पुरोहितांचं जू मोठ्या कष्टानं मानेवरून काढलं, आता तसलंच दुसरं घालून घेणार नाही, असं त्यांनी स्पष्ट कळवलं. आणि 1891 च्या सुमारास, बाप्तिस्म्याला आठ वर्षं झाल्यावर, एका इंग्रज धर्मोपदेशकाचं आत्मकथन वाचताना त्यांना जाणवलं की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला आहे, पण ख्रिस्त अजून सापडलेला नाही. हे त्यांनी प्रांजळपणे लिहून ठेवलं. ज्यांना वाटतं की विश्वास एकदा आला की आला, त्यांनी ही आठ वर्षं ध्यानात घ्यावीत. रमाबाईंसारखी बुद्धीची आणि निष्ठेची बाई आठ वर्षं कोरड्या मनानं प्रार्थना करत राहिली, तर तुमच्या-आमच्या कोरड्या महिन्यांची लाज वाटायचं कारण नाही.

1896 चा हिवाळा

आता प्रकरणाच्या मध्याशी येऊ.

अमेरिकेत 1886 ते 1888 या काळात हिंडून रमाबाईंनी विधवांच्या शाळेसाठी पैसा उभा केला होता. बॉस्टनला 1887 च्या डिसेंबरात स्थापन झालेल्या रमाबाई असोसिएशननं दहा वर्षं मदत करायची हमी दिली. 11 मार्च 1889 रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झालं आणि पुढच्या वर्षी ते पुण्याला आलं. शाळेत धर्मशिक्षण द्यायचं नाही अशी अट होती. पण रमाबाई आपल्या खोलीत दार उघडं ठेवून प्रार्थना करत आणि काही मुली येऊन बसत. यावरून 1893 मध्ये वादळ उठलं. न्यायमूर्ती रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, 'केसरी'नं झोडपलं, पंचवीसएक मुली पालकांनी काढून नेल्या. ज्यांनी पुण्यात त्यांना मान दिला होता त्यांच्याच नजरेत त्या आता परक्या झाल्या.

अशा अवस्थेत 1896 चा पाऊस दगा देऊन गेला. मध्य प्रांतातून उपासमारीच्या बातम्या येऊ लागल्या. त्याच सुमाराला मुंबईत प्लेग शिरला आणि हिवाळ्यात तो पुण्याच्या दाराशी आला. बॉस्टनची दहा वर्षांची हमी लवकरच संपणार होती. तो पैसाही ठरावीक मुलींच्या शिक्षणापुरता होता, दुष्काळासाठी नव्हता. हाती नवा पैसा नाही, शहरात साथ, समाज विरोधात आणि सदनात आधीच असलेल्या मुलींची जबाबदारी. कुणीही समजूतदार माणसानं सांगितलं असतं की आहे तेवढं सांभाळा.

रमाबाईंनाही आधी तसंच वाटलं. त्यांनी ते लपवलेलं नाही. मनात येणारा विचार त्या बाजूला सारत होत्या, आपल्या हातून हे होणार नाही असं स्वतःला समजावत होत्या. पण प्रार्थनेत बसल्या की झेलमचा काठ आठवे, अकरा दिवसांचं रान आठवे. त्या वेळी आपल्याला कुणी वाचवलं, हा प्रश्न त्यांना सोडेना. त्यांच्या समजुतीप्रमाणे देवानं त्यांना दुसरं काहीच सांगितलं नाही, फक्त त्यांचीच जुनी भूक आठवायला लावली.

या ठिकाणी मी बराच वेळ थांबलो. मोठं दुःख सोसलेली माणसं बहुधा त्या दुःखाच्या जागेपासून दूर राहतात आणि त्यात गैर काहीच नाही. आई ज्या इस्पितळात गेली त्या रस्त्यानं वर्षानुवर्षं न जाणारी माणसं मी पाहिली आहेत. रमाबाईंनी वीस वर्षांनंतर ती जागा पुन्हा उघडली ती दुःख उगाळायला नव्हे. आपण त्या रानात एकट्या नव्हतो असं आता त्यांना वाटत होतं. तेव्हा तो सोबती दिसला नव्हता, त्याचं नावही माहीत नव्हतं, पण वडिलांनी ज्याच्या हाती दिलं तो तिथे होता. म्हणजे रानाची आठवण तीच राहिली, तिच्यातल्या एकटेपणाचा अर्थ तेवढा बदलला. आणि म्हणून तसल्या रानात पुन्हा पाऊल टाकता आलं.

त्या मध्य प्रांतात गेल्या. पहिलं अनाथगृह पाहिलं ते घरच नव्हतं. गावाबाहेरच्या झाडांखाली हाडांचे सापळे झालेले लोक पडून होते. सरकारी मदतकेंद्रांवर तरुण मुलींचं काय होतं हेही त्यांनी पाहिलं आणि छापून सांगितलं. देखरेख करणारेच त्यांना नासवत होते. रुपयाला, काही आण्यांना मुली विकल्या जात होत्या. रमाबाईंच्या मनात त्या क्षणी काय असेल याची कल्पना करायला नको, त्यांनी पुढे केलं ते पुरेसं बोलतं. तीनशे मुली आणायच्या असं त्यांनी ठरवलं. पैसे कुठून येणार याचं उत्तर त्यांच्याजवळ नव्हतं. ते येतील एवढा भरवसा होता आणि तेवढ्यावर त्या कामाला लागल्या.

माळावर

मुली पुण्यात आणल्या, पण प्लेगमुळे शहरात एवढी माणसं एकत्र ठेवायला अधिकाऱ्यांनी मनाई केली. आता जायचं कुठे? पुण्याहून सोलापूरकडे जाणाऱ्या रेल्वेवर केडगावजवळ रमाबाईंनी काही काळापूर्वी जमीन घेतली होती. शारदा सदनाला पुढेमागे स्वतःच्या पायावर उभं राहता यावं म्हणून तिथे फळझाडं लावायची होती. त्या माळावर तंबू ठोकले, कुडाच्या झोपड्या उभ्या केल्या आणि दुष्काळातल्या मुली तिथे नेल्या. पुढे 1898 मध्ये त्या जागेला 'मुक्ती' हे नाव मिळालं.

आलेल्या मुलींची स्थिती वाचवत नाही. अंगभर फोड, उवा, जुलाब. कित्येक मुली पोटभर अन्न मिळूनही वाचल्या नाहीत, कारण शरीरानं अन्न घ्यायचंच सोडलं होतं. वाचल्या त्यांची भूक भागेना. इतके दिवस हिसकावून जगलेल्या, त्यामुळे भांडणं, शिव्या, लपवाछपवी. रमाबाईंनी शारदा सदनातल्या शिकलेल्या विधवांना यांच्या आया केलं. एकेकीकडे काही मुली सोपवल्या. न्हाऊमाखू घालणं, जखमा धुणं, निजवणं, पाटी-पेन्सिल हातात देणं. ज्या बायकांना घरी कुणी शुभकार्यात पुढे येऊ देत नव्हतं, त्यांच्या मांडीवर आता लेकरं होती. या प्रकरणातली सर्वांत सुंदर गोष्ट मला हीच वाटते. दोन प्रकारच्या टाकून दिलेल्यांना रमाबाईंनी एकमेकांच्या हवाली केलं. दोघींनाही त्यातून उद्या सकाळी उठायला कारण मिळालं.

मग माळावर विहिरी खणल्या गेल्या. शेती, गोठा, विणकाम, शिवणकाम, तेलघाणा, छापखाना. दिवस घंटेवर चाले आणि त्यात प्रार्थनेच्या वेळा ठरलेल्या असत. निराश मनाला मोकळा वेळ खातो, हे रमाबाईंना कुणी शिकवायची गरज नव्हती. इथे आशा ही अशी वेळापत्रकात बसवलेली होती. ती प्रार्थनेत जितकी होती तितकीच कोळपण्यात आणि भाकऱ्या थापण्यात होती.

आणि त्यात रागालाही जागा होती. 1897 च्या वसंतात पुण्यात प्लेगच्या नावाखाली झडत्या आणि सक्तीचं विलगीकरण सुरू होतं. सदनातली एक मुलगी त्या व्यवस्थेत नेली गेली आणि हाती लागेना. रमाबाईंनी मुंबईच्या एका इंग्रजी पत्रात मे महिन्यात जाहीर पत्र लिहून कारभाराचे वाभाडे काढले. राज्य करणारे त्यांच्याच धर्माचे होते, पैसाही बराचसा त्या देशांतून येत होता. तरी त्या गप्प बसल्या नाहीत. ख्रिस्ती माणसानं संकटात मुकाट्यानं सोसावं आणि त्यालाच श्रद्धा म्हणावं, असं आपल्या मंडळ्यांत कधीकधी शिकवलं जातं. स्तोत्रसंहिता उघडली तर कितीतरी स्तोत्रांत माणूस देवाशी भांडताना, आक्रोश करताना दिसतो. रमाबाईंनी ती स्तोत्रं नीट वाचली होती असं दिसतं.

1899-1900 चा दुष्काळ गुजरातेत आणखी भयंकर पडला. त्यांनी तिथूनही मुली आणल्या. मुक्तीतली वस्ती दीड हजारांच्या वर गेली. समाजानं बहिष्कृत केलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन झालं, अंध स्त्रियांना ब्रेल शिकवायची सोय झाली. फुलॅममध्ये पाहिलेलं ते घर आता केडगावच्या माळावर होतं.

भूक आणि बाप्तिस्मा

एक आक्षेप टाळून पुढे जाणं अप्रामाणिक होईल. शारदा सदनात धर्म शिकवायचा नाही ही अट होती, मुक्ती मात्र उघडपणे ख्रिस्ती होती आणि तिथल्या बहुतेक मुली ख्रिस्ती झाल्या. उपाशी पोरीला भाकरीबरोबर धर्म दिला तर तो तिनं निवडला असं म्हणता येईल का? हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला आणि आजही विचारला जातो. माझ्या मते तो योग्य प्रश्न आहे. दहा वर्षांच्या अनाथ मुलीजवळ निवड करायला फार काही नसतं आणि ज्यानं वाचवलं त्याचा देव तिला खरा वाटणारच.

याला माझ्याजवळ पूर्ण उत्तर नाही. एवढंच म्हणतो की रमाबाईंना भाकरी आणि विश्वास या दोन गोष्टी वेगळ्या काढताच येत नव्हत्या. विश्वास नसता तर त्या मध्य प्रांतात गेल्याच नसत्या. ज्या गोष्टीनं आपण जगलो ती लपवून ठेवून फक्त भात वाढायचा, हे त्यांना खोटेपणाचं वाटलं असतं. दुसरी बाजूही आहे. त्या स्वतः शेवटपर्यंत शाकाहारी राहिल्या, पांढरं सुती लुगडं नेसल्या, मुलींना मराठी रीतीनं वाढवलं. ख्रिस्ती होणं म्हणजे साहेब होणं असं त्यांनी मुलींना कधी शिकवलं नाही. महाराष्ट्रातल्या ख्रिस्ती समाजाला याची आठवण अधूनमधून करून द्यावी लागते.

जुलै 1921

श्रद्धेची परीक्षा 1897 मध्ये झाली असं वाटतं, कारण ती गोष्ट मोठी आहे. पण 1897 मध्ये निदान करायला काम होतं, वाचवायला माणसं होती. खरी परीक्षा मला नंतरच्या एका शांत वर्षात दिसते.

मनोरमा अमेरिकेत शिकून आली होती, पुढे पदवीधर झाली आणि मुक्तीचा बराचसा भार तिनं उचलला होता. गुलबर्ग्यालाही तिनं शाळा काढली होती. आईनंतर तीच सारं पाहणार हे ठरल्यासारखं होतं. रमाबाईंना तोवर ऐकू कमी येऊ लागलं होतं आणि प्रकृती खालावली होती. 24 जुलै 1921 रोजी मनोरमा मिरजेला वारली. तिचं वय चाळीस. सिल्चरहून कडेवर घेऊन निघालेली, वाँटेजला सोबत बाप्तिस्मा घेतलेली, एवढ्या प्रवासात शेवटपर्यंत उरलेली एकटी रक्ताची तीच होती.

या वेळी रमाबाईंजवळ दाखवायला कोणताही चमत्कार नव्हता. प्रार्थना केली नसेल असं थोडंच आहे? मुक्तीतल्या शेकडो बायकांनी मनोरमेसाठी प्रार्थना केली असणार. उत्तर 'नाही' आलं. हे प्रकरण कुणाला सांगताना मी हा भाग मुद्दाम सांगतो. आजारी मूल बरं झालं नाही म्हणून आपला विश्वास कमी पडला, असं मानणारे आईबाप मला भेटले आहेत. हे ओझं त्यांच्यावर कुणी ठेवलं असेल ते असो, रमाबाईंनी मनोरमेच्या मृत्यूचा असा अर्थ लावला नाही.

त्यांच्या टेबलावर एक काम अर्धं होतं. साध्या बायकांना कळेल अशा मराठीत बायबल, मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून. त्यासाठी त्या उतारवयात या भाषा शिकल्या होत्या आणि हिब्रूचं व्याकरणही मराठीत लिहिलं होतं. प्रचलित भाषांतरातली संस्कृत धाटणी त्यांना नको होती, कारण त्या शब्दांना जुने अर्थ चिकटलेले असतात असं त्यांचं मत होतं. संस्कृतात लहानपणापासून वाढलेल्या बाईनं संस्कृतापासून दूर सरून लिहावं, हा त्याग मला फार मोठा वाटतो. भाषांतर म्हणून ते खडबडीत आहे, वाचताना अडखळायला होतं. मंडळ्यांच्या उपासनेत ते रुळलं नाही. पण ते कुणासाठी लिहिलं होतं हे लक्षात ठेवून वाचलं की तो खडबडीतपणा मायेचा वाटू लागतो.

मुलगी गेल्यावर रमाबाई त्या कामाकडे वळल्या. ऐकू येत नाही, शरीरात ताकद नाही, ज्या वारसदारावर भरवसा ठेवला ती नाही. सकाळी मुद्रितं यायची, त्या तपासायच्या. छापखान्यात खिळे जुळवणाऱ्या बायका मुक्तीतल्याच होत्या, तिथेच अक्षर ओळखायला शिकलेल्या. आठेक महिने हे चाललं. काम हातावेगळं झालं आणि थोड्याच काळात, 5 एप्रिल 1922 रोजी, रमाबाई केडगावला गेल्या.

बायबल 1924 मध्ये मुक्तीच्या छापखान्यातून बाहेर आलं. त्या दिवशीही विहिरीवर रहाट फिरत असेल, आणि नव्यानं आलेल्या एखाद्या पोरीच्या डोक्यातल्या उवा कुणीतरी उन्हात बसून काढत असेल.